मानसपुत्रांचा पाहुणचार

सुरत शहर जरीच्या कामासाठी आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कसबासाठी विख्यात आहे. गुजराती बालसाहित्यातही त्याचे स्थान मानाचे आहे. तेथील गांडीव साहित्य मंदिराच्या ‘गांडीव’ या बालपाक्षिकात १९३६ ते १९५५ या काळात हरिप्रसाद व्यास यांनी बकोर पटेल नावाच्या बोकडाच्या गोष्टी लिहिल्या. माणसांप्रमाणे संसार करणारे हे गृहस्थ, त्यांची पत्नी शकरी पटलाणी आणि त्यांचे स्नेही वाघजीभाई वकील यांनी कित्येक पिढ्यांना हसविले. बोकड आणि वाघ यांचा स्नेह जुळावा, ही लेखकाच्या कल्पनेची किमया होय.

अशी पात्रे मनात घर करतात. मग एखाद्या मुलाला वाटते, याच पटेलांना घेऊन आपणही एक चित्रकथा काढावी. या इच्छेत गैर काही नाही. राम, कृष्ण, भीम यांच्या कथा हरदासांनी आणि नाटककारांनी आपापल्या परीने रंगविल्याच आहेत. पण तो वारसा गावविहिरीसारखा आहे. तेथे कोणीही पोहरा सोडावा. बकोर पटेलांचा जनक मात्र एक आणि ज्ञात आहे. गावविहीर आणि शेजाऱ्याच्या परसातील विहीर यांतील भेद ओळखणे, हाच या शिष्टाचाराचा पाया होय.

समजा, सुरतेच्या उधना भागातील एका मराठी मुलीने वर्षभर खपून वहीत एक पात्र घडविले : पायाने लंगडी, पण कोणालाही न भिणारी खार. मैत्रिणीला ती फार आवडली. तिने न विचारता खारीला आपल्या चित्रकथेत घेतले, विनोदासाठी भित्री केले आणि शेवटच्या चौकटीत मारून टाकले. वर्ग हसला. मैत्रिणीच्या मनात द्वेष नव्हता, कौतुकच होते. परंतु दुसरीच्या वर्षभराच्या परिश्रमांवर एका चौकटीत बोळा फिरला.

कायदा अशा वेळी निर्मात्याच्या बाजूस असतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार, लेखकाने हक्क विकले तरी कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाध आणणारी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार त्याच्यापाशी राहतो. प्रताधिकारासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. म्हणजे नामवंत लेखकाइतकेच वहीत चित्रे काढणाऱ्या मुलीलाही संरक्षण आहे. पण शाळकरी मुलगी न्यायालयात जात नाही. ती वही मिटून ठेवते, आणि पुष्कळदा पुन्हा उघडत नाही. म्हणूनच जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे सौजन्याने पोहोचावे लागते.

हे सौजन्य प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेजारचे मूल खेळावयास न्यायचे, तर आपण त्याच्या आईला विचारतो. त्याचे नाव बदलत नाही, केस कापत नाही आणि तिन्हीसांजेला त्याला जसे आणले तसे घरी पोहोचवितो. मानसपुत्रांचेही तसेच. निर्माता हयात व परिचित असेल, तर आधी त्याची अनुमती घ्यावी. पहिल्याच पानावर त्याचे नाव ठळक लिहावे. पात्राचा स्वभाव पालटणे, त्याचे लग्न लावणे वा त्याला मारणे, या गोष्टी निराळ्या विचाराव्यात. एका गोष्टीची परवानगी म्हणजे सर्वच गोष्टींची नव्हे. विनापरवाना त्यावर पैसा मिळवू नये. निर्मात्याने थांबावयास सांगितले, तर वाद न घालता थांबावे.

आणि नकार मिळाला तर? तर तो मनाला लावून न घेता आपलेच एखादे पात्र घडवावे. हरिप्रसाद व्यासांनी बोकडाला संसार दिला. दुसऱ्या कोणी गाढवाला, घारीला वा मुंगीला द्यावा. प्राणी सर्वांचे आहेत, बकोर पटेल तेवढे व्यासांचे.

त्या मैत्रिणीने पेन्सिल हाती घेण्यापूर्वी “तुझी खार माझ्या गोष्टीत येईल का ग?” एवढे विचारले असते, तर कदाचित दोघींची मिळून एक चित्रकथा झाली असती, आणि खारही शेवटपर्यंत निर्भय राहिली असती.