लकवा: आधी घड्याळ बघा


बालाघाट, वारासिवनी, लांजीकडच्या श्रोत्यांनो,
आज लकव्याबद्दल बोलू.

चहा पिता पिता आजोबांचं तोंड वाकडं झालं.
कप हातातून निसटला.
बोलणं अडखळलं.
हा लकवा असू शकतो.
घड्याळ बघा, लगेच १०८ला फोन लावा.

मेंदूची रक्तवाहिनी तुंबते, नाहीतर फुटते.
नेमकं काय झालं, ते सीटी स्कॅनसारख्या तपासणीतच कळतं.
म्हणून घरची गोळी देऊ नका.
पाणीही पाजू नका, ठसका लागतो.

वाहिनी तुंबवणारी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.
गोंदिया असो की नागपूर,
रस्त्याचा वेळ त्यातच धरा.
तेल चोळण्यात, झाडफूक करण्यात तोच वेळ जातो!

मोठ्या झटक्यानंतर मेंदू सुजतो.
कवटी हाडाची, ती ताणली जात नाही.
आत दाब वाढतो.
डोकं ठणकतं, उलट्या होतात,
माणूस गुंगीत जातो.
डॉक्टर उशाकडची बाजू साधारण ३० अंश उचलतात,
मॅनिटॉल शिरेतून देतात.
कधी कवटीचा तुकडाही काढून ठेवतात.
ऐकून धसका बसतो खरा,
पण त्यानं जीव वाचू शकतो.

पुन्हा सांगते, घड्याळ बघा.
दवाखान्यात शिरताच पहिल्यांदा हेच सांगा:
त्रास किती वाजता सुरू झाला.