ब्रेक मारला की थरथर



माग बिघडला की आपल्या इचलकरंजीचा जॉबर आधी विचारतो, ‘कधी होतं?’ पाना नंतर उचलतो. सॉफ्टवेअरमधला बग शोधताना मीही तेच विचारते.

बाबांच्या अठरा वर्षं जुन्या गाडीचं स्टिअरिंग आंबा घाट उतरताना थरथरायचं. नुसत्या वेगात थरथरलं असतं, तर चाकांचं बॅलन्सिंग पाहिलं असतं. पण हे फक्त ब्रेक मारल्यावर व्हायचं, पेडलही पायाखाली धडधडायचं. म्हणजे संशय पुढच्या डिस्कवर. डायल गेज लावला, तर डिस्क फिरताना ०.१५ मिलिमीटर डगमगत होती, साधारण ०.०५ च्या आत हवी. हबवरचा गंज घासून पुन्हा बसवली, तरी ०.१२. जाडीही किमान मर्यादेला आलेली, त्यामुळे लेथवर देण्यात अर्थ नव्हता. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड नवे घातले, चाकाचे नट आलटूनपालटून समोरासमोरचे, सारख्या जोराने आवळले. थरथर गेली.

बाबा सत्तरी ओलांडूनही घाटात स्वतः गाडी चालवतात. ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून ते गप्प होते. तुमच्याही घरी असं कुणी असेल. परत जाण्याआधी त्यांच्या गाडीतून एक फेरी मारा आणि विचारा, ‘कधी होतं?’