डोंगर कुणाचा, पाहुणा कोण?

जर्मन भाषेत ‘हायमाट’ असा एक शब्द आहे. आपण त्याला मायभूमी म्हणू, पण ते पुरतं नेमकं होत नाही. मायभूमी म्हटलं की देश डोळ्यांपुढे येतो. हायमाट म्हटलं की गाव येतं : गावातलं चर्च, गुरांचा गोठा, दारात वाट पाहणारी आई आणि मागे उभा असलेला डोंगर. मूकपटांच्या अखेरच्या चार वर्षांत, म्हणजे १९२६ ते १९२९ या काळात, हे गाव आणि तिथे येणारा परका माणूस जर्मन पडद्यावर पुन्हा पुन्हा समोरासमोर आले. त्याविषयी आज बोलायचं आहे.

त्या काळी जर्मनीत पर्वतपट फार लोकप्रिय होते. त्यांचे जनक डॉ. आर्नोल्ड फांक हे शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. स्टुडिओतल्या खोट्या बर्फावर त्यांचं भागेना. ते कॅमेरा घेऊन खऱ्या हिमनद्यांवर गेले आणि नटनट्यांनाही वर चढायला लावलं.

१९२६ चा त्यांचा ‘पवित्र पर्वत’ घ्या. समुद्राकाठी नाचणारी डिओटिमा डोंगरात येते आणि दोन जिवलग गिर्यारोहक मित्र तिच्या प्रेमात पडतात. थोरल्या मित्राची आई डोंगरातल्या घरात राहते. समुद्र आणि खडक यांचं लग्न जमायचं नाही, हे ती म्हातारी आधीच ओळखते. शेवटी मत्सराच्या एका क्षणी धाकटा कड्यावरून घसरतो. थोरला त्याचा दोर रात्रभर धरून बसतो, कापत नाही, आणि दोघंही जातात. डिओटिमा समुद्राकडे परतते. निष्ठा म्हणजे डोंगर आणि बाहेरून आलेली बाई म्हणजे मोह, असा हा सरळ हिशेब. तो हिशेब मला आवडत नाही. दोराचा तो प्रसंग मात्र विसरता येत नाही.

पण पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, याच फांकनी ‘मोठी उडी’ नावाचा विनोदी चित्रपट काढून हा हिशेब उलटा केला. इथे परका आहे बर्लिनचा एक श्रीमंत, ऐषारामी गृहस्थ. हवापालटासाठी डॉलोमाइट पर्वतात आलेला आणि स्की पायात घातल्या की आपटणारा. तरीही हवा भरलेला फुगीर पोशाख चढवून तो शर्यत जिंकतो आणि शेळ्या राखणारी गीटा त्याचीच होते. गावचा रांगडा टोनी बघत राहतो.

खरी गंमत भूमिकांच्या वाटपात आहे. अनवाणी कडे चढणारी ती गावकन्या म्हणजे लेनी रीफेनश्टाल, जन्माने बर्लिनची नर्तिका. आणि बर्लिनचा तो धडपड्या शहरी बाबू म्हणजे हान्स श्नेबेर्गर, टिरोलच्या डोंगरात जन्मलेला, महायुद्धात पहाडी आघाडीवर लढलेला पट्टीचा स्कीपटू! भूमिपुत्र परक्याचं सोंग करतो आणि परकी मुलगी भूमिकन्या होते. प्रेक्षक दोघांनाही मान्य करतात. मातीशी असलेलं नातं रक्तातून येतं म्हणणाऱ्यांना यावर काय उत्तर देता आलं असतं, कोण जाणे. टोनीची भूमिका करणारे लुइस ट्रेंकर मात्र खरेच दक्षिण टिरोलचे, पण त्यांची हायमाट पहिल्या महायुद्धानंतर इटलीत गेलेली.

जीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात या चित्रपटांवर ठपका ठेवला, की हिमशिखरांच्या या भक्तीतच पुढच्या नाझी मनोवृत्तीची चाहूल होती. याउलट बेला बालाझ या डाव्या विचारांच्या, ज्यू घराण्यातल्या हंगेरियन लेखकाने फांकची बाजू घेतली होती. मला वाटतं, दोघांचंही लक्ष शिखरांवर जास्त होतं. मी खालच्या गावाकडे बघतो. तिथे दार कोणाला उघडतं?

पडद्याबाहेर ते दार केव्हाच बंद होऊ लागलं होतं. जर्मन आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहकांचा मोठा संघ होता, त्याच्या व्हिएन्नातल्या एका शाखेने १९२१ मध्ये ज्यूंना सभासदत्व नाकारलं. तेव्हा ‘डोनाउलांड’ ही वेगळी शाखा निघाली. १९२४ च्या डिसेंबरात तिलाही संघातून काढून टाकण्यात आलं. हे सभासद वर्षानुवर्षं त्याच वाटा तुडवत आले होते. दोर बांधण्यात किंवा हवामान ओळखण्यात ते कमी पडले, असं काही घडलं नव्हतं.

या पार्श्वभूमीवर १९२९ चा ‘पित्स पालूचा पांढरा नरक’ पाहावा. फांक आणि पाब्स्ट यांनी मिळून केलेला. हिमनदीत बायको गमावलेले डॉ. क्राफ्ट आणि एक तरुण जोडपं, असे तिघं कड्यावर अडकतात. तिघंही बाहेरचे. पण गावातला वाटाड्या निघतो, पाठोपाठ माणसं मशाली घेऊन रात्रीच्या बर्फात उतरतात. कोण आलंय, कुठून आलंय, कोणी विचारत नाही. हिमनदीच्या भेगांतून वर येणारा तो मशालींचा धूर माझ्या मते सगळ्या पर्वतपटांतलं सर्वांत सुंदर दृश्य आहे. अखेर वैमानिक एर्न्स्ट उडेट विमानातून त्यांचा ठाव लावतो. जोडपं वाचतं. आपला कोट त्या तरुणाला देणारे क्राफ्ट मात्र गोठून जातात.

याच चित्रपटात कुर्ट गेरोन या ज्यू नटाची एक छोटी भूमिका होती. नाइट क्लबमधला एक पाहुणा, इतकीच. १९३३ मध्ये गेरोनना जर्मनी सोडावी लागली. १९३५ मध्ये चित्रपटाची ध्वनी जोडलेली नवी आवृत्ती निघाली. कडे, वादळ, मशाली, उडेटचं विमान, सगळं जागच्या जागी राहिलं. गेरोनची दृश्यं तेवढी कापली गेली. गेरोन हॉलंडमध्ये पकडले गेले आणि टेरेझिनच्या छावणीत त्यांना नाझींसाठी एक प्रचारपट करायला लावला गेला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना तिथून आउश्विट्झला नेऊन मारण्यात आलं.