बुधवारची रात्र आणि गाण्यांच्या पायऱ्या



आपल्याला आवडलेले गाणे दर आठवड्याला इतरांना सुचवण्याची गोडी भारतीय श्रोत्यांना लावली, ती प्रामुख्याने सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, रेडिओ सिलोनने.

बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला.

तेथे 1952 च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांचे निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याच्या फिती सिलोनला जात, आणि बुधवारी रात्री ते लघुलहरींवरून, म्हणजे फार दूरवर पोहोचणाऱ्या शॉर्टवेव्हवरून, घरोघर ऐकू येई.

आरंभी सात गाणी वाजवली जात, आणि त्यांची क्रमवारी श्रोत्यांकडूनच मागवली जाई. गाणी निवेदकाची, पण क्रम श्रोत्यांचा!

पुढे कार्यक्रमातच क्रमवारी जाहीर होऊ लागली, आणि गाणी ‘पायदान’ म्हणजे पायरी चढू-उतरू लागली. मात्र ही क्रमवारी ठरवताना केवळ तबकड्यांच्या विक्रीवर विसंबणे अपुरे ठरल्याने श्रोता संघांची, म्हणजे गावोगावच्या रसिकमंडळांची, पसंतीही विचारात घेतली गेली. ही सुधारणा मोलाची होती, कारण तबकडी विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्याही आवडीला त्यामुळे स्थान मिळाले. क्रम पुन्हा श्रोत्यांचाच राहिला.

अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे झुमरी तलैया हे गाव तर देशभर प्रसिद्ध झाले, ते तेथून अखंड येणाऱ्या फर्माइशींच्या पत्रांमुळे.