झबल्यांची कैफियत

श्रोतेहो, दिवसा अंगावर काय ल्यावे याविषयी आपल्या समाजात आजवर पुष्कळ उपदेश झाला. परंतु निजताना मुलाच्या अंगावर काय असावे, आणि त्या कपड्याला घरात काय म्हणावे, ही बाब कोणी फारशी दाखल करून घेतलेली नाही, म्हणून मिळालेली थोडी मिनिटे मी त्याच एका कैफियतीस देणार आहे.

झबले, टोपडे, कुंची, दुपटे ही मंडळी आपल्या परिचयाचीच. आजीच्या, धुऊन धुऊन साय झालेल्या लुगड्याचे झबले, आणि त्याला गुंडीऐवजी चिंधीचे बंद, कारण निजलेल्या बालकास गुंडी रुतते, बंद रुतत नाही. हल्ली खोक्यातून ‘बाबासूट’ येतो, पुढे ‘नाइट ड्रेस’. आणि पोराने बोबड्या तोंडाने ‘तोपलं’ मागितले, की सुशिक्षित माता तत्परतेने त्याची दुरुस्ती करते!

माझी तक्रार कापडाविषयी नाही, हे ध्यानात घ्यावे. पायजमा मूळचा फारसी. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातून आपल्या शय्यागृहात नेला, तरी आपल्या घरात तो पायजमाच राहिला. तक्रार आहे ती चालता शब्द मोडीत काढण्याविषयी.

घरगुती शब्दांचे विरजणासारखे आहे. रोज चमचाभर राखावे लागते. एखाद्या रात्री विसरलो तर शेजारणीकडून वाटीत आणता येते. पण आळीतल्या साऱ्याच जणी एकदम विसरल्या, तर वाटी घेऊन जायचे कोणाच्या दारी? मोल्सवर्थसाहेबांच्या 1857 च्या कोशात झबले आहे, कबूल. परंतु कोश हे दप्तर आहे, आणि दप्तरात दही लागत नाही. ते लागते आईच्या तोंडी, दिवेलागणीनंतर, झोपेला आलेल्या पोराचे हात बाहीत घालताना.

म्हणून पुन्हा सांगतो, कापड हवे तेथून आणा, शिंप्याकडून आणा, दुकानातून आणा, पण घरी त्याला झबलेच म्हणा. आणि मूल ‘तोपलं’ म्हणाले तर म्हणू द्या, योग्य वेळी ते आपोआप टोपड्यावर येते.

थोरल्या मुलींच्या परकराविषयी आणि मुलांच्या बंडीविषयी, विशेषतः थंडीत कुंचीखाली कान कसे झाकावेत याविषयी, बरेच सांगावयाचे होते. परंतु काचेपलीकडून नभोवाणीच्या अधिकाऱ्यांनी बोट वर केले आहे. एवढे मात्र—कुंचीची नाडी फार आवळू नका.