राजधानीची सहल आणि तिची आखणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दिवाळीची सुटी संपली की आपल्या शाळांतून सहलींची चर्चा सुरू होते. यंदा या केंद्रातील चार शाळांनी मुंबई पाहण्याचा मानस कळविला आहे. ही गोष्ट मला आनंदाची वाटते. आपल्या राज्याची राजधानी आपल्या मुलांनी पाहिलीच पाहिजे. परंतु या प्रस्तावांत एका दिवसात पाहावयाच्या स्थळांच्या ज्या लांबलचक याद्या आहेत, त्या वाचताना मला माझीच एक जुनी चूक आठवली. तिच्याविषयी प्रथम बोलतो.

१९९६ सालच्या डिसेंबरात मी एका लहानशा गावी शिक्षक होतो. सातवीची अडतीस मुले घेऊन आम्ही मुंबईस निघालो. शाळेचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून शुक्रवारी रात्री गाडी सोडली आणि शनिवारी सकाळी मुंबईत उतरलो. माझ्या वहीत अकरा स्थळे लिहिलेली होती. मंत्रालयाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पहाऱ्यावरील शिपाई म्हणाला, "गुरुजी, आज दुसरा शनिवार." विधान भवनाकडे वळलो, तर विधिमंडळ हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरास गेलेले! ज्या दिवशी राजधानीत शासन मुळीच भेटणार नाही, असा दिवस मी स्वतः सरकारी शाळेचा शिक्षक असून नेमका हुडकून काढला होता.

त्या बंद फाटकासमोर उभे असताना ओढ्यापलीकडील वस्तीवरच्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, आमच्या फरशी-पुलाचा अर्ज यातल्या कोणत्या खिडकीत आहे?" पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की त्या वस्तीवरील मुलांची शाळा बुडत असे. त्याच्या वडिलांनी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला होता, आणि विचारावयास गेले की "वर पाठविला आहे" एवढेच उत्तर त्यांना मिळत होते. मुलाच्या मनात ते "वर" म्हणजे हीच उंच इमारत. मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर चौकशी केली, तेव्हा कळले की तो अर्ज तालुक्याच्या गावीच पडून होता. त्यापुढे तो कधी सरकलाच नव्हता. आणि गावरस्त्यावरील असा लहान पूल ही मुळात जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतील बाब, तिच्यासाठी मुंबई गाठण्याचे कारणही नव्हते. पुढे पुष्कळ वर्षांनी तो पूल झाला. त्याचे श्रेय आमच्या सहलीस देण्याचा मोह मी करणार नाही.

सहलीनंतर मी मुलांकडून निबंध लिहवून घेतले. बहुतेकांनी समुद्र आणि दुमजली बस यांविषयी लिहिले. त्यात मुलांचा दोष नव्हता. मी त्यांना दुसरे काही पाहावयास शिकविलेच नव्हते. त्या मुलाने मात्र लिहिले होते की, मोठ्या कचेरीला पुष्कळ खिडक्या आहेत. ते वाक्य अद्याप माझ्या लक्षात आहे.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, राजधानीच्या सहलीचा पहिला मुक्काम मुंबईत नसून आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीत असला पाहिजे. निघण्यापूर्वी महिनाभर आधी मुलांना तेथे न्या. एखादा खराखुरा अर्ज घ्या, पाण्याचा, रस्त्याचा, शाळेच्या छपराचा, कोणताही. आणि तो कोठून कोठे जातो याचा माग मुलांनाच काढू द्या. पंचायत समिती पाहणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. जिल्ह्याचे ठिकाण मुंबईच्या वाटेवर असेल, तर जिल्हा परिषदेच्या इमारतीपाशी तासभर थांबा. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि आपली शाळाही त्यांचीच, हे मुलांना त्या पायऱ्यांवर उभे करून सांगितले की वेगळे पाठांतर करावे लागत नाही. अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवावयाची असते, हेही ओघानेच सांगता येते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागून वरचे मजले जळाले आणि असंख्य कागद नष्ट झाले. पोच कशासाठी, हे मुलांस पटविण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

आता दिवसाविषयी. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आहे. म्हणजे माझ्या वेळी दुसरा व चौथा शनिवारच अडत असे, आता प्रत्येक शनिवार अडेल. सोमवार ते शुक्रवार यांतीलच दिवस धरावा. विधिमंडळाचे कामकाज दाखवावयाचे असेल, तर डिसेंबरचा नाद सोडावा. हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. अर्थसंकल्पी अधिवेशन मात्र मुंबईत, साधारणपणे फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चात सुरू होते. प्रेक्षक-सज्जाच्या प्रवेशपत्रांसाठी आपल्या मतदारसंघाच्या आमदारांकडे मुलांच्या नावानिशी यादी देऊन आधीच विनंती करावी, आणि मुलांच्या वयाबाबतचा नियमही लेखी विचारून घ्यावा. विधानसभेत २८८ सदस्य बसतात. त्यांतील आपला कोण, हे मुलांनी निघण्यापूर्वी शोधून काढलेले असावे. मग त्या सभागृहात त्यांचे डोळे एका माणसास शोधतील. मंत्रालयातही प्रवेशपत्रावाचून आत जाता येत नाही. पत्रव्यवहार वेळेवर झाला नसेल, तर इमारत बाहेरून पाहून मुकाट्याने पुढे जावे. फाटकाशी हुज्जत घालणारा शिक्षक मुलांना नको तो धडा देतो.

स्थळे थोडी निवडा. माझ्या मते एका दिवसास पाच पुष्कळ झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून प्रारंभ करावा. ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. परंतु त्याआधीच, १६ एप्रिल १८५३ रोजी, याच बोरीबंदर भागातून पहिली आगगाडी ठाण्यास गेली होती. समोरच महानगरपालिकेची इमारत आहे. आपल्या ग्रामपंचायतीचेच हे शहरातील थोरले भावंड, असे सांगावे. तेथून हुतात्मा चौक पायी जाण्याइतका जवळ आहे.

हुतात्मा चौकात घाई करू नका. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेवर निघालेल्या मोर्च्यावर याच परिसरात गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी झाली. स्मारकावर मशाल धरलेले दोघे कोण आहेत, हे मुलांनाच ओळखू द्या. एक शेतकरी आहे, दुसरा कामगार. शेतकऱ्याचे मूल त्या पुतळ्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर शिक्षकाने पाहण्यासारखी असते.

पुढे ओव्हल मैदानाकडे वळले की, एका रांगेत विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय दिसतात. या रस्त्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. उच्च न्यायालयाची इमारत १८७८ ची. याच वास्तूत १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेस नेले. तेव्हा सरकारविरुद्ध लिहिणाऱ्यास येथे उभे केले जाई. आज सामान्य नागरिक येथे येऊन सरकारलाच प्रतिवादी करू शकतो. एवढा फरक समजावून सांगता आला, तर उरलेली इमारत पाहिली नाही तरी चालेल.

सायंकाळी गेटवे ऑफ इंडिया. इंग्लंडचा बादशहा १९११ मध्ये येथे उतरला, त्याच्या स्मरणार्थ बांधलेली ही कमान १९२४ मध्ये खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून परत गेली. मुलांना समुद्र पाहावयाचा असतो; पाहू द्या, मनसोक्त पाहू द्या. नटनट्यांचे बंगले मात्र कार्यक्रमातून वगळावेत. ते पाहण्यास शिक्षकाची गरज नसते.

व्यवस्थेविषयी थोडक्यात बोलतो, कारण ती आपणांस ठाऊकच आहे. दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका अवश्य. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव व शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. रस्ता ओलांडल्यावर दर वेळी मोजणी. स्वच्छतागृहे कोठे आहेत हे आधी एका शिक्षकाने जाऊन पाहून यावे. संकोचापोटी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता अवघड प्रश्न. अडतीस मुले गेली असे मी म्हटले. वर्गात सत्तेचाळीस होती. नऊ मुले पैशाअभावी किंवा घरच्यांनी न सोडल्यामुळे मागे राहिली आणि त्या दिवशी ती शाळेतही आली नाहीत. यावर माझ्याजवळ पुरा उपाय नाही. एस.टी. शालेय सहलींना सवलतीच्या दराने मिळते, तिचा लाभ घ्यावा. मुक्काम एकाने कमी करून वर्गणी उतरत असेल, तर उतरवावी. पालकांकडे, विशेषतः मुलींच्या पालकांकडे, शिक्षिकेने स्वतः जावे. तरीही काही मुले राहतीलच. त्यांनी आपले प्रश्न लिहून द्यावेत आणि जाणाऱ्यांनी त्यांची उत्तरे आणावीत. परत आल्यावर पहिला तास त्या उत्तरांचा ठेवावा.

यंदाचे चारही प्रस्ताव मी परत पाठवीत आहे, रागावू नये. स्थळांची यादी अर्ध्या पानात बसवून ते पुन्हा धाडावेत, आणि सोबत मुलांच्या प्रश्नांचा कागद जोडावा. जाणाऱ्या व न जाणाऱ्या, सर्व मुलांचे प्रश्न त्यात असावेत. ते शुद्ध करून लिहू नयेत. मुलांनी लिहिले तसेच पाठवावेत.