वेखंड : गुण आणि मर्यादा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



पाणथळ जागेत वाढणाऱ्या वेखंडाचे आपण ज्याला मूळ म्हणतो, ते जमिनीत आडवे पसरणारे सुगंधी खोड होय. आयुर्वेदात त्याला वचा म्हणतात. वाणी व स्मरणशक्ती सुधारण्यासाठी वैद्य ते योजतात. बाळाचे पोट फुगल्यास बेंबीभोवती वेखंडाचा लेप लावण्याची चाल जुनी आहे. कीड लागू नये म्हणून कपड्यांत व धान्यातही त्याचे तुकडे ठेवतात.

या सुगंधी तेलातच बीटा-असॅरोन हा घटक असतो आणि आपल्याकडील वेखंडात तो बराच आढळतो. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे कर्करोगाच्या गाठी झाल्या. म्हणून अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी आहे. शिवाय मात्रा जास्त झाल्यास उलट्या होतात.

तेव्हा लेप जरूर लावा. परंतु बाळगुटीत वेखंड उगाळण्यापूर्वी वैद्यांना विचारा. गरोदर स्त्रीला ते पोटात देऊ नका. पूड बियाण्याला चालेल. खाण्याच्या धान्यात मात्र पुरचुंडीत बांधलेले तुकडेच ठेवा आणि दळणापूर्वी आठवणीने काढा.